तारांबळ

नागपुरात माणूस वर्षातून दोनदा माळ्यावर चढतो. एकदा दिवाळीच्या आधी, बायकोच्या धाकानं. आणि एकदा मार्च संपता संपता, उन्हाच्या धाकानं. कारण कूलरचा पंप माळ्यावर असतो. हा पंप गेल्या पावसाळ्यात आपणच जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, ‘हा इथं ठेवला, म्हणजे पुढच्या वर्षी शोधायला नको,’ असं साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून ठेवलेला असतो. पुढच्या वर्षी तो तिथं नसतो. बाकी सगळं असतं. निवृत्तीनंतरच्या माझ्या पहिल्याच मार्चमध्ये मला तिथं मुलाची गिटार सापडली.

“पंप सापडला का?” खालून स्टूल धरून उभ्या असलेल्या हिनं विचारलं.

“गिटार सापडली.”

“मग तीच लावा खिडकीत. हवा येते का बघा.”

गिटार मुलानं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतली होती. ‘हॉस्टेलवर सगळ्यांकडे आहे’ या एकाच मुद्द्यावर त्यानं मला तासभर बौद्धिक दिलं आणि मी हरलो. चार वर्षांत तो दीड गाणं शिकला. पुढे हैदराबादला नोकरी लागली तेव्हा तो सगळं घेऊन गेला आणि गिटार तेवढी आईवडलांना सोबत म्हणून ठेवून गेला. फोन केला तर म्हणाला, “वाजवा ना बाबा! आता तुम्हाला काय काम आहे?” निवृत्त माणसाला हे वाक्य दिवसातून सरासरी तीनदा ऐकावं लागतं, पण त्यातून काही निष्पन्न झाल्याची ही पहिलीच वेळ.

तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या. म्हणून मी बर्डीवर वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “कोणत्या गेजच्या देऊ?”

आता गेज म्हटलं की नागपूरकराला दोनच ठाऊक. एक ब्रॉडगेज आणि दुसरं नॅरोगेज. त्यातलं नागपूर-नागभीडचं नॅरोगेजही २०१९ साली बंद झालं. तेव्हा मी सावधपणे म्हटलं, “जी टिकाऊ असेल ती.” त्यानं मला तेराच्या तारा दिल्या. हे तेरा म्हणजे इंचाचे तेरा हजारांश, पहिल्या तारेची जाडी, हे मला नंतर कळलं. त्यावेळी बारा, अकरा आणि दहाच्याही होत्या. पण त्याच पैशात जाड मिळत असताना बारीक कोण घेईल? मध्यमवर्गीय माणूस पायजम्याची नाडी घेतानासुद्धा जाडी बघतो.

शिकवायला गुरू मिळाला तो आमच्याच अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. वय वर्षं एकोणीस. डोक्यावर केसांचं टोपलं. मला काका म्हणायचा आणि हिला काकू. फी म्हणून रविवारी सकाळी तर्री-पोहे. पहिल्या रविवारी त्यानं गिटार हातात घेतली, सुरात लावली आणि सहज काहीतरी वाजवलं. वाजवता वाजवता त्याचं एक बोट तारेवर टेकलं, स्वर निघाला, आणि मग बोट त्या घरातून न हलता तो स्वर वर गेला. जिना चढून नव्हे. धूर जातो तसा. वर पोचला, जरासा थरथरला आणि थांबला.

माझ्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली.

“हे काय केलंस?”

“बेंड काका. तार ओढली.”

“हे शिकव.”

“आधी कॉर्ड शिकू ना. सी, जी...”

“नाही. हेच शिकव.”

आता मला एवढी घाई का झाली ते सांगायला हवं. १९८४ साली मी महालात हिला पाहायला गेलो होतो. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि मुलीच्या मावशीनं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘आमची मुलगी गातेसुद्धा’ म्हणून जाहीर केलं. ही तंबोरा घेऊन गायला बसली. विशारदच्या शेवटच्या वर्षाला होती. राग कोणता, चीज कोणती, मला काही कळलं नाही. आमच्या घरात गाणं म्हणजे आरती. पण एका ठिकाणी हिचा आवाज खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर गेला, आणि मधे पायरी नव्हतीच. मी होकार दिला तो हिला की त्या जागेला, हे मी अजून ठरवलेलं नाही. हिलाही सांगितलेलं नाही. पत्रिका मात्र दोघींचीही जुळली असावी.

लग्नानंतर विशारदचं शेवटचं वर्ष राहून गेलं. तंबोरा धंतोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आला. पुढे मुलगा झाला, त्याचे कपडे झाले, कपड्यांना कपाट आलं. जागा एकच होती. तंबोरा की कपाट असा प्रश्न मी घरात मांडला आणि हिशेबखात्यातल्या माणसाला शोभेल अशा पद्धतीनं चौरस फुटांत सोडवूनही टाकला. तंबोरा ओळखीतल्या एका शिकणाऱ्या मुलीकडे गेला. ही काही बोलली नाही. कपाट अजून आहे. त्याचं दार नीट लागत नाही.

तर त्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं तीच जागा, पोहे खाता खाता, डाव्या हाताच्या अनामिकेनं काढून दाखवली. साहजिकच मला कॉर्डमध्ये रस उरला नाही.

तुम्ही म्हणाल, तार ओढायची त्यात एवढं काय? मलाही तसंच वाटलं. मी पहिली तार बोटानं धरून खाली ओढली. ती फळीच्या कडेवरून सटकली आणि माझं बोट हवेत. गुरू म्हणाला, “काका, पहिली तार खाली नसते ओढत. वर ढकलायची, छताकडे.” मी वर ढकलली. ती हलली नाही. दोन बोटांनी ढकलली. ती तशीच. मीच थोडासा वाकलो.

“तुम्ही तार दाबून राहिले काका, ढकलून नाही राहिले. बोटानं नाही, मनगटानं करायचं. कुलपात किल्ली फिरवता ना, तसं. अनामिका तारेवर, बाकीची दोन बोटं तिच्या मागं धक्का द्यायला. अंगठा वरून.”

म्हणजे एका स्वरासाठी चार बोटं. सरकारी कामाची मला सवय होती, त्यामुळे एकानं काम करायचं आणि तिघांनी मागे उभं राहायचं हे लगेच समजलं. पण जमेना. आठवड्यात बोटांची टोकं अशी झाली की चहाचा कप धरताना मी ‘स्स’ करायचो आणि हिला वाटायचं चहा छान झालाय.

शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, एकदा आपलाही तपासावा. तेराची पहिली तार तिच्या नेमलेल्या सुरात लावली, तर तिच्यावर जवळजवळ साडेबारा किलोचा ताण असतो. सहा तारांचा मिळून ऐंशी किलोच्या पुढे, म्हणजे माझ्याहून जास्त. ती लाकडी पेटी हे वजन दिवसरात्र उभ्यानं सोसते आणि आपण तिला कोपऱ्यात ठेवून झोपतो. आता स्वर एक पूर्ण अंतर चढवायचा, म्हणजे सा चा रे करायचा, तर कंपनं सव्वापट करावी लागत नाहीत, साधारण बारा टक्केच वाढवायची असतात. पण ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ पंचवीस टक्के. साडेबाराचे झाले साडेपंधरा. घरी येतो त्या सिलिंडरमधला गॅस १४.२ किलोच भरतो. हे सगळं बोटाला उचलावं लागत नाही हे खरं, पण बोटाला ते कोण सांगणार?

गुरूला हिशेब दाखवला. त्यानं तो न वाचताच विचारलं, “काका, तेराच्या तारा कोणी दिल्या तुम्हाला? तेरावर आम्ही नाही ओढू शकत!” मग दहाच्या आणल्या. त्यांवर ताण साडेसात किलोच्या आत. त्यातही तिसरी तार गुंडाळीची नको, साधी लाव, असं त्यानं सांगितलं. गुंडाळीची तार ढकलली की स्वर चढायच्या आधी बोटाची साल निघते. आणि वर आणखी सवलत म्हणून त्यानं साऱ्या गिटारीचा सूर अर्ध्या स्वरानं उतरवून दिला. तारा एकदम मवाळ झाल्या. तीन दिवसांनी भर दुपारी पहिली तार तुटली. असा आवाज झाला की ही आतून म्हणाली, “कूलरची मोटर गेली!” आणि मी हनुवटीवर हात ठेवून म्हणालो, “नाही, मी आहे.”

कूलरचं आणि गिटारीचं तर सवतींचं नातं. बाहेर ४६ अंश. त्या उन्हात तार तापते, सैलावते, सूर उतरतो. म्हणून गिटार घेऊन कूलरसमोर बसावं, तर दमट हवेनं लाकूड फुगतं आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. मग दाबायला आणखी जोर. “तिला कूलरसमोरून उठवा काका,” गुरू म्हणाला. वाद्यापायी साधकांनी काय काय सोसलं याच्या गोष्टी आपण वाचतो. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलर नसलेल्या खोलीत कोणी रियाज केल्याचं मी तरी वाचलेलं नाही. मी केला. बनियनवर.

मधल्या काळात माझं ज्ञान मात्र सपाट्यानं वाढलं, कारण ज्याचं बोट चालत नाही त्याचं वाचन वाढतं. अमेरिकेतले बी. बी. किंग (१९२५ ते २०१५) हे या तार ढकलण्याच्या विद्येतले मोठे उस्ताद. त्यांच्या नात्यातला बुका व्हाइट तारांवर नळी घसरवून वाजवायचा. किंगना ते काही जमेना, म्हणून त्यांनी तोच परिणाम बोटानं तार ढकलून साधायचा प्रयत्न केला. म्हणजे ही सगळी विद्या न जमण्यातून निघाली. हे वाचून मला फार बरं वाटलं. पहिली अर्धी वाट तर मी चालून आलोच होतो. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी उलट केलं. त्यांनी गिटार आडवी घेऊन, तारांवर दांडी घसरवून राग वाजवले. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी ज्यांनी ऐकली त्यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार ऐकली. आणि ज्या भूपिंदर सिंगांना आपण गझलेसाठी ओळखतो, ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची.

ही माहिती मी हिला भाजी निवडताना देत असे. ही ऐकून घेई. शेवटी एकदा म्हणाली, “म्हणजे मींडच ना? मग सतार घ्यायची. सतारीची दांडी रुंद असते, पडदे कमानीसारखे. एका पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वर काढतात. तुमच्या या फळीची रुंदी केवढी, चार बोटं! त्यात कुठं मावणार मींड?”

हे ही बोलली तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की या घरात एक जाणकार इसम गेली अनेक वर्षं पोळ्या लाटतोय.

मी सोडून सगळं गावच जाणकार असावं, असंही मला कधीकधी वाटतं. याच नागपुरात शंकरराव सप्रे मास्तरांकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि सी. रामचंद्रही, म्हणजे एकाच मास्तरांच्या हाताखालून एक जण नाट्यसंगीताकडे गेला आणि दुसरा सिनेमात गिटार नि सॅक्सोफोन वाजवून घेऊ लागला. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात आम्ही दोघं जात आलो. ही ऐकायला, मी हिला न्यायला-आणायला. वसंतराव बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते, ही एकच गोष्ट मी तिथं छाती काढून सांगत असे. हिशेब आणि गाणं एका माणसात नांदू शकतात याचा तो पुरावा. ही म्हणायची, “हो. पण त्यांच्यात दोन्ही होतं.”

मग एका दुपारी मी दुसऱ्या तारेवर, मधल्या घरांत (फळीच्या टोकाशी तार कडक असते, मधे जरा ऐकते), रे चा गंधार करायच्या खटपटीत होतो. तोंड वाकडं, खांदा वर, तार निम्मी चढलेली. स्वयंपाकघरातून आवाज आला :

“अजनी.”

“काय?”

“अजनीला उतरलात. नागपूर पुढं आहे.”

वर्ध्याकडून येताना नागपूरच्या अलीकडे अजनी लागतं आणि नवखा माणूस दिवे बघून तिथंच बॅगा काढतो. मी आणखी जोर लावला.

“कामठी,” आतून आवाज.

त्या दिवसापासून आमच्या घरात रेल्वेच सुरू झाली. अजनी, अजनी, अजनी, कामठी, अजनी. कधी मधेच, “आज बुटीबोरीतच ब्रेक लागला वाटतं.” नागपूर काही येईना. आणि लबाडी चालेना. पेटीवर दुसऱ्याची चूक झाकली जाते, ठरलेली पट्टी दाबली की ठरलेला स्वर. पेटी म्हणजे नेमल्या स्टेशनांवरच थांबणारी गाडी, मधला रूळ तिला दिसतच नाही. त्याच दोषापायी आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती ती १९७१ पर्यंत. माझी गिटार पडली नेमकी मधल्या रुळावर.

आठवड्यानं ही कणकेच्या हातानं बाहेर आली. “अहो, तुम्ही निघता कुठं जायला? आधी गंधार ऐकला का? दोन घरं पुढं जाऊन वाजवा तो. वाजवा. हं. आता तो कानात धरा. मग मागे या आणि तिथं जा.” आणि बोलता बोलता हिनं तो गाऊन दाखवला. फक्त ‘आ’. खालून वर.

दोघंही गप्प झालो. हिनं कणकेच्या हाताकडे पाहिलं, “पोळ्या राहिल्यात,” म्हणाली आणि आत गेली. रविवारी गुरूला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मी पण तेच सांगून राहिलो होतो ना काका, आधी वरचा स्वर ऐका म्हणून!” सांगितलं असेल. पण त्यानं गाऊन दाखवलं नव्हतं.

मी मग घंटोगणती तेवढंच करीत बसलो. गंधार ऐकायचा, मागे यायचं, ढकलायचं. पावसाळा आला, कूलर निघाला, पंप मी पुन्हा बनियनमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला. जुलैतल्या एका संध्याकाळी दिवे गेले होते. अंधारात माझं बोट दिसत नव्हतं, म्हणून असेल, मी तार ढकलली आणि ती गेली. धुरासारखी. वर पोचली, थांबली. मी थांबलो. आतून अजनी नाही, कामठी नाही.

मेणबत्ती घेऊन ही बाहेर आली. समोर मोड्यावर बसली.

“पुन्हा.”

पुन्हा काढली. दहातून सहा वेळा नागपूर आलं असेल. मग ही म्हणाली, “ती जाड तार छेडा. नाही, वरून दुसरी.” ती पाचवी तार. मी छेडली. हिनं मान तिरकी केली. “ही काळी चार आहे.”

गुरूनं अर्धा स्वर उतरवून ठेवल्याची कृपा. पण मला त्याचं महत्त्व कळलं नाही.

“माझी पूर्वी काळी पाच होती,” ही म्हणाली. “आता चार पुरे. आणा इकडे.” गिटार मांडीवर आडवी घेऊन हिनं कान लावून खुंट्या पिळायला सुरुवात केली. तिसरी जरा चढवली. दुसरी उतरवून तिच्याशी मिळवली. चौथीचा पंचम केला. मग माझ्या हातात परत दिली आणि बोटं धरून क्रम दाखवला : चौथी, तिसरी, दुसरी, आणि मग पाचवी. “असं. सारखं. घाई करायची नाही. आणि दाबायचं काही नाही, डावा हात खाली ठेवा.”

तीन महिने ज्या हातासाठी खपलो तो खाली ठेवायला सांगितला. ठेवला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

“मिरजेचा होता तो,” ही म्हणाली. “दादांनी भोपळा मांडीवर घेऊन आणला होता, मिरजेहून नागपूरपर्यंत.”

मी काय बोलणार? घाई न करता छेडत राहिलो. कपाटाचं दार वाऱ्यानं वाजलं.

हिनं सा लावला. तो फाटला. खाकरून पुन्हा लावला, मग जरा टिकला. “गेला घसा,” म्हणून पाणी प्यायली. पुन्हा लावला. चौथ्या खेपेस तो माझ्या तारांत असा मिसळला की तारा कुठल्या आणि ही कुठली ते मला अंधारात कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. गुरू. दिवे नाहीत म्हणून करमत नव्हतं, हातात मोबाइलची बॅटरी. “काका, आज दोन स्वरांची बेंड शिकवतो, या...” आणि त्यानं गिटारीकडे पाहिलं. “हे काय? सगळं ट्युनिंग बिघडून राहिलं ना!”

“हळू बोल,” मी म्हटलं. “आणि तो दिवा विझव. काकूंचा सा लागून राहिला.”

तो दाराशीच चप्पल काढून बसला.